झोळीतली थंडी आणि कापडाबद्दलचे गैरसमज

झोळीत झोपणाऱ्याला थंडी लागते ती पाठीकडून. अंथरुणाखालची जमीन अंगाच्या उबेने हळूहळू कोमट होते. झोळीखाली मात्र वारा खेळत असतो आणि पाठीची ऊब घेऊन जातो. कुर्डुवाडीच्या आसपास डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा साधारण १५ अंशांपर्यंत उतरतो. झोळीत तर १८-२० अंशांनाही पाठ गार पडते. दोन झाडांना बांधायची झोळी, म्हणजे मुक्कामाच्या सहलींचे हॅमॉक, घरी शिवताना कापडाची निवड चुकते ती बहुतेक काही जुन्या समजुतींमुळे.

पहिली समजूत अशी, की लोकर ‘गरम’ असते आणि सूत ‘थंड’. कोणतेच कापड उष्णता निर्माण करत नाही. ऊब टिकवते ती धाग्यांमध्ये अडकून पडलेली, न हलणारी हवा. स्थिर हवेपेक्षा पाणी वीस-पंचवीस पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. ओल्या पांघरुणात हुडहुडी भरते ती त्यामुळे. कापड निवडायचे म्हणजे खरे तर हवा कोंडून ठेवणारी चौकट निवडायची.

जड कापड अधिक उबदार, ही समजूत याच कारणाने टिकत नाही. दुकानदार सांगतो तो ‘जीएसएम’चा आकडा म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन, त्यात सूत मोजले जाते, हवा नव्हे. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर घट्ट विणीची आणि टिकाऊ असते, पांघरायला उत्तम. पण तेवढ्याच वजनाची नुकती पिंजलेली कापसाची रजई तिच्याहून कितीतरी उबदार ठरते. जुनी रजई पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेतली की तिला ऊब परत येते. कापूस तोच, वजनही तेच. वाढते ती आतली हवा.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे झोळीच्या आत जाड घोंगडी किंवा गोधडी अंथरली की काम झाले. माढा तालुक्यातल्या उसाच्या फडावर तोडकऱ्यांची तान्ही मुले जुन्या लुगड्याच्या झोळीत गोधडीच्या घडीवर निजतात आणि त्यांना ती पुरते, कारण पाच-सहा किलोच्या बाळाखाली घडी फारशी दबत नाही. साठ-सत्तर किलोच्या माणसाखाली तीच गोधडी चपटी होते, हवा निघून जाते आणि उरतो तो नुसता कापडाचा थर. म्हणून मोठ्यांच्या झोळीत ऊब देणारा थर आत नव्हे, बाहेरून, झोळीच्या तळाला लगटून टांगावा लागतो. त्यावर अंगाचा भार येत नाही आणि तो फुगलेला राहतो.

या तळाच्या रजईत काय भरावे? घोंगडीच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे: नेहमीच्या दमट हवेत लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओल धरते, सूत ८ टक्क्यांच्या आसपास, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही, आणि दमट झाल्यावरही लोकरीचा तंतू लवचीक राहतो. पण ‘भिजली तरी घोंगडी तितकीच उबदार’ ही अतिशयोक्ती आहे. भिजलेल्या घोंगडीचीही ऊब घटते आणि पाठीवर वाहायला ती फार जड. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची घोंगडी मेंढपाळाला पाऊस-वाऱ्यात अंगावर घ्यायला सोयीची असते. झोळीखाली टांगायला फुगीर पॉलिस्टरचा भराव बरा, हलका आणि लवकर वाळणारा. पिसांचा भराव सर्वांत हलका, पण ओला झाला की गोळा होऊन बसतो.

जाडीचा अंदाज हिशेबाने बांधता येतो. कपड्यांची ऊब मोजायला १९४१ मध्ये ‘क्लो’ हे एकक सुचवले गेले. फुगीर भरावाच्या दर सेंटिमीटरला साधारण दीड क्लो ऊब मिळते आणि १५ अंशांत झोपायला अंगाभोवती अडीच क्लोच्या आसपास लागते. म्हणजे दोन सेंटिमीटर जाडी पुरे. वाऱ्याच्या जागी थोडी अधिक. ही जाडी न दाबता मोजायची.

पातळ नायलॉन निरुपयोगी, हाही गैरसमजच. रिपस्टॉप नायलॉन स्वतः ऊब देत नाही, पण वारा अडवून भरावातली हवा जागच्या जागी ठेवते. याउलट मऊ, जाड फ्लीस हाताला उबदार लागते आणि वाऱ्यात फिके पडते. पारख सोपी आहे: कापड ओठांशी धरून फुंकर मारावी, पलीकडे तळहाताला हवा जाणवली तर ते बाहेरच्या आवरणाला नको. चंदेरी चमकती शीट अंगाची प्रारणाने जाणारी उष्णता परतवते, पण समोर हवेची पोकळी असेल तरच. पाठीला चिकटवली तर तिचा तो गुण वाया जातो, शिवाय घाम आरपार जात नाही आणि पहाटे पाठ ओली होते.

शिवताना गोधडीसारखा जवळजवळ धावदोरा घालू नये. प्रत्येक टाक्याच्या रेघेत भराव दबतो आणि तिथून गारवा शिरतो. कडेला आणि मधे हातभर अंतरावर दोन-तीन टिपा पुरतात. दोन्ही टोकांना नेफा शिवून त्यात इलॅस्टिकची नाडी ओवावी आणि ती इतकीच ताणावी, की झोपल्यावर रजई पाठीला लगटेल, पण दबणार नाही. मधे बोटभर फट राहिली तरी वारा आत शिरतो आणि भराव कितीही चांगला असला तरी फुकट जातो.