इंग्रजी व्यापारी पत्राचा आरंभ

आमच्या मराठी पत्रांत वडिलांस ‘तीर्थरूप’, परक्या गृहस्थास ‘राजमान्य राजश्री’ असा मायना ठरलेला असे. इंग्रजींतही मायना आहेच. परंतु आपले विद्यार्थी तेथें अर्जाची भाषा घालतात. मूर्तिजापूरच्या अरुंद रुळांवरून यवतमाळचा कापूस बाहेर जाई, त्या काळचें एक पत्र कल्पावें. मुंबईच्या पेढीनें दोन गांठींचे पैसे दिलेले नाहींत. आणि आपला लेखक आरंभ करतो, ‘मोस्ट रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन’! कचेरीच्या दारीं उभा राहिलेला अर्जदार असें लिहितो. मालाचा धनी हिशेब विचारीत असतो, दान मागत नसतो.

एका गृहस्थास ‘डिअर सर’, बाईस ‘डिअर मॅडम’ लिहावें. पेढीस पूर्वी ‘डिअर सर्स’ लिहीत. आतां पेढींत स्त्रियाही असतात, म्हणून ‘डिअर सर ऑर मॅडम’ बरें. येथें ‘डिअर’ शब्दांत प्रेम शोधूं नये. या मायन्यांशीं शेवटीं ‘योर्स फेथफुली’ जुळतें. आडनांवानें आरंभ केल्यास ‘योर्स सिन्सिअरली’.

जुने व्यापारी आलेल्या पत्रास ‘युवर फेव्हर’ म्हणत, जसें आपण ‘कृपापत्र’ म्हणतों. चालू महिन्यास ‘इन्स्टंट’, गेल्या महिन्यास ‘अल्टिमो’. हे शब्द आतां मागें पडले. ‘थँक यू फॉर युवर लेटर ऑफ ५ जानेवारी’ एवढें पुरे. दुसऱ्याच वाक्यांत त्या दोन गांठी याव्या.