नामदेवांच्या वाटेवरची तीन देवळे

संत नामदेवांच्या (१२७०-१३५०) चरित्रातली तीन मोठी वळणे परंपरेने तीन गावांशी जोडलेली आहेत: तेर, औंढा नागनाथ आणि पंढरपूर. पंढरपूर सगळेच करतात. ज्योतिर्लिंग म्हणून औंढ्यालाही गर्दी असते. तेर मात्र बहुतेकांकडून राहून जाते. ही गावे याच क्रमाने पाहिली, तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. आपल्या संतांचे देवळाशी असलेले नाते बरेचसे गाभाऱ्याबाहेरचे आहे.

धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात या बाजारपेठेचा उल्लेख आहे. इथले त्रिविक्रमाचे देऊळ विटांचे आहे, आणि त्याची मागची बाजू अर्धगोल आहे. हा गजपृष्ठाकार चैत्यगृहांचा, म्हणून मूळ वास्तू बौद्ध असावी असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. महाराष्ट्रात आजही उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या बांधीव वास्तूंत तिची गणना होते. तेरणेच्या काठी काळेश्वराच्या देवळाजवळ गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची, समाधी आहे. कथा अशी, की कोणाचे मडके पक्के आणि कोणाचे कच्चे हे पाहायला संत मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी मडकी थापायचे थापटणे हातात घेतले आणि जमलेल्या संतांच्या डोक्यावर एकेक थाप मारली. बाकीचे गप्प राहिले, नामदेव चिडले आणि मडके कच्चे ठरले. विठ्ठलाच्या लाडक्या भक्ताची परीक्षा घेतली ती एका कुंभाराने, त्याच्या रोजच्या हत्याराने.

कच्च्या मडक्याला गुरू हवा होता. तो औंढ्याला भेटला, असे परंपरा सांगते. नामदेव देवळात आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी रागावून पाय उचलले आणि दुसरीकडे ठेवले, तर तिथेही पिंड. देव एका जागी बसलेला नाही, हा धडा त्यांना ज्योतिर्लिंगाच्याच देवळात मिळाला.

हिंगोली जिल्ह्यातले हे देऊळ यादवकाळातले, हेमाडपंती म्हणून ओळखले जाणारे. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. देवळाचा खालचा भाग काळ्या दगडाचा, कोरीव. वरचे शिखर उत्तरकाळातले. जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिले जाते. खालची भिंत सरळ चालत नाही, कोनाकोनांनी आत-बाहेर होत जाते. त्यामुळे मूर्तींवरचा उजेड दर चार पावलांनी बदलतो. देवदेवता, सुरसुंदरी, आणि मधेच नाक-हात तुटलेली एखादी मूर्ती. लिंग जमिनीच्या पातळीखाली आहे. सभामंडपातून अरुंद वाटेने खाली उतरावे लागते. आत छत इतके ठेंगणे, की ताठ उभे राहण्याची सोयच नाही. मोठमोठ्यांच्या माना आपोआप वाकतात.

पण नामदेवांची जागा या गाभाऱ्यात नाही, देवळाच्या मागे आहे. कीर्तनाची अडचण होते म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना मागे हाकलले, ते तिथे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा. नंदी मागच्या बाजूला आहे, तो याचाच पुरावा म्हणून दाखवतात. वास्तुशास्त्राचा अभ्यासक वेगळे कारण शोधील, आणि शोधावेच. कथेचे वजन मात्र दुसरीकडे आहे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. हलक्या जातीचा म्हणून देवळातून उठवले आणि देऊळ फिरले, हा प्रसंग त्यांतही येतो. तिथे गावाचे नाव नाही, अपमान मात्र स्पष्ट आहे. आपल्याकडे ही कथा चमत्कार म्हणून रंगवली जाते. पंजाबने जपलेल्या पदांत ती तक्रार म्हणून ऐकू येते.

तिसरे देऊळ पंढरीचे. इथे नामदेवांनी स्वतःच्या समाधीसाठी जागा मागितली ती महाद्वाराच्या पायरीची, येणाऱ्याजाणाऱ्या संतांची पायधूळ लागावी म्हणून. समोरच चोखोबांची, म्हणजे संत चोखामेळ्यांची, समाधी. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकूस कोसळून चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून इथे समाधी बांधली, असे परंपरा मानते. एक शिंपी पायरीत आणि एक महार पायरीसमोर, महारांना आत मात्र प्रवेश नाही, असे कित्येक शतके चालले. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले, तेव्हा कुठे दार उघडले. औंढ्याच्या कथेत देऊळ एका रात्रीत फिरले. पंढरपुरात माणसे फिरायला सहाशे वर्षे लागली.

म्हणून या देवळांना जाणाऱ्यांना एक विनंती. रांगेत तासभर उभे राहून क्षणभराचे दर्शन घ्याल, ते घ्याच. पण औंढ्याला देवळाच्या मागच्या बाजूला अर्धा तास काढा, भिंती उजेडात नीट पाहा. पंढरपुरात चोखोबांच्या समाधीपाशी थांबल्याशिवाय महाद्वारात शिरू नका. आणि पुढच्या सहलीत तेरला पूर्ण दिवस द्या. तिथल्या लामतुरे संग्रहालयात तगरच्या व्यापारी वैभवाच्या वस्तू आहेत. मुलांना बरोबर न्या. गोरोबाकाकांची गोष्ट त्यांना तेरणेच्या काठावर बसूनच सांगा.