विश्लेषण : पोट बरे झाले, तरी गोळ्या का थांबवायच्या नाहीत? आतड्यांच्या दाहविकारात दीर्घकालीन औषधोपचार का महत्त्वाचा?

जुलाब थांबले, शौचातून रक्त जाणे बंद झाले, वजनही वाढू लागले. मग रोज गोळ्या कशाला? आतड्यांच्या दाहविकाराच्या, म्हणजेच ‘आयबीडी’च्या अनेक रुग्णांना हा प्रश्न पडतो आणि काही जण परस्पर औषध बंद करतात. मात्र या आजारात बरे वाटणे आणि आजार आटोक्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आयबीडी म्हणजे नेमके काय?

यात प्रामुख्याने दोन आजार येतात. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’मध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि व्रण होतात. ‘क्रोन्स’ आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. शरीराची प्रतिकारशक्ती चुकीच्या पद्धतीने सतत सक्रिय राहिल्याने हा दाह होतो. आजार मुळापासून घालवणारे औषध अद्याप नाही. त्यामुळे मधुमेह किंवा रक्तदाबाप्रमाणे तो नियंत्रणात ठेवणे हेच उपचाराचे उद्दिष्ट असते. रक्त जाते म्हणून मूळव्याध समजून केलेल्या घरगुती उपायांत अनेकदा महिने वाया जातात. ताणतणावाशी जोडला जाणारा ‘आयबीएस’ हा आजारही वेगळा आहे. त्यात आतड्याला व्रण होत नाहीत.

लक्षणे नसताना औषध कशासाठी?

लक्षणे गेली तरी अस्तरात दाह धुमसत राहू शकतो. शौचातील ‘कॅलप्रोटेक्टिन’ची तपासणी किंवा कोलोनोस्कोपी यातून तो दिसतो. हा दाह वर्षानुवर्षे राहिल्यास क्रोन्समध्ये आतडे अरुंद होते किंवा भगेंद्र होतो, तर कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. औषध सोडण्याचा परिणाम एका अभ्यासात स्पष्ट दिसला. शिकागोतील संशोधकांनी आजार शांत असलेल्या कोलायटिसच्या ९९ रुग्णांवर लक्ष ठेवले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, मेसालामाइन नियमित घेणाऱ्यांमध्ये आजार शांत राहण्याची शक्यता ८९ टक्के होती. औषध टाळणाऱ्यांमध्ये ती केवळ ३९ टक्के होती.

कोणती औषधे दीर्घकाळ दिली जातात?

सौम्य ते मध्यम कोलायटिसमध्ये मेसालामाइन हे पहिले औषध. ते आतड्याच्या अस्तरावर थेट काम करते. आजार गुदाशयापुरता असेल तर गोळ्यांपेक्षा सपोझिटरी किंवा एनिमा अधिक उपयोगी ठरतात. संकोचापोटी ते टाळू नयेत. मूत्रपिंडावर क्वचित परिणाम होतो, म्हणून अधूनमधून क्रिएटिनिन तपासतात.

त्यापुढची पायरी ॲझाथायोप्रिनची. त्याचा परिणाम दिसायला दोन ते तीन महिने लागतात. काही जणांत ‘एनयूडीटी१५’ जनुकातील बदलामुळे पांढऱ्या पेशी अचानक घटतात आणि केस गळतात. हा बदल युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा आशियाई लोकांत जास्त आढळतो. म्हणून जनुकीय चाचणी किंवा सुरुवातीला वारंवार रक्ततपासणी गरजेची असते.

आजार तीव्र असेल तर ‘बायोलॉजिक’ औषधे दिली जातात. इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत क्रोन्ससाठी १९९८ मध्ये मंजुरी मिळाली. सलाइनमधून ते सुरुवातीला, त्यानंतर दोन आणि सहा आठवड्यांनी देऊन नंतर साधारण दर आठ आठवड्यांनी दिले जाते. अडॅलिमुमॅब हे साधारणपणे दर दोन आठवड्यांनी घ्यायचे इंजेक्शन आहे. टोफॅसिटिनिबसारख्या गोळ्याही आहेत. मात्र नागीण, रक्ताच्या गुठळ्या आणि हृदयविकाराचा धोका पाहूनच त्या दिल्या जातात.

मग स्टिरॉइडच सुरू ठेवले तर?

स्टिरॉइडने दोन-चार दिवसांत आराम पडतो, म्हणून काही रुग्ण जुन्या चिठ्ठीवर ते पुन्हा पुन्हा घेतात. हेच सर्वात धोकादायक. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांच्या चाचणीने कोलायटिसचा झटका आवरण्यात कॉर्टिसोनचा उपयोग सिद्ध केला. मात्र आजार पुन्हा उलटू नये यासाठी स्टिरॉइड उपयोगी पडत नाही, हेही नंतर स्पष्ट झाले. दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर आणि रक्तदाब वाढतो, मोतीबिंदू होऊ शकतो. काही आठवडे घेतलेले स्टिरॉइड एकदम बंद करणेही घातक असते. डोस हळूहळू कमी करावा लागतो.

भारतात क्षयरोगाची तपासणी का?

आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांची लक्षणे व कोलोनोस्कोपीतील चित्र बरेच सारखे असते. बायोलॉजिक औषधांमुळे शरीरात दबलेला क्षयरोग जागा होऊ शकतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि त्वचेची किंवा रक्ताची चाचणी केली जाते. हिपॅटायटिस-बीची तपासणीही होते. लसींचे नियोजन उपचारापूर्वी झालेले बरे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू असताना जिवंत विषाणूंच्या लसी टाळतात.

खर्चाचे काय?

बायोलॉजिक औषधे महाग असल्याने अनेक जण मध्येच थांबतात. २०१४ मध्ये झायडसने अडॅलिमुमॅबचे पहिले बायोसिमिलर भारतात आणल्यानंतर तुलनेने स्वस्त पर्याय मिळू लागले. पैशांअभावी डोस चुकत असेल तर तसे डॉक्टरांना सांगावे. अनियमित डोसमुळे शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि पुढे ते औषध निरुपयोगी ठरू शकते.

औषधे कधीच बंद होत नाहीत का?

काही वर्षे अस्तर पूर्ण बरे राहिले तर डॉक्टर औषधे कमी करण्याचा विचार करतात. मात्र त्यात जोखीम असते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स-बेल्जियममधील अभ्यासात क्रोन्सच्या ११५ रुग्णांचे इन्फ्लिक्सिमॅब थांबवले गेले. इतर औषध सुरू असूनही वर्षभरात सुमारे ४४ टक्के रुग्णांचा आजार उलटला. औषध पुन्हा दिल्यावर बहुतेकांना आराम पडला, पण ते सगळे डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी आजार उफाळू शकतो. त्या परस्पर घेऊ नयेत. गरोदरपणाचे नियोजन असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. मेसालामाइन, ॲझाथायोप्रिन बहुधा सुरू ठेवतात. मेथोट्रेक्सेट मात्र काही महिने आधीच बंद करावे लागते. मोठ्या आतड्याचा आजार आठ वर्षांचा झाला की कर्करोगासाठी ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करून घ्यावी. ताप, सतत रक्तस्राव किंवा पोट फुगून तीव्र दुखत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.