डोमेन रजिस्ट्रार खात्याचे निलंबन

डोमेन रजिस्ट्रार खात्याचे निलंबन म्हणजे संकेतस्थळांच्या नावांची (डोमेन नावांची) नोंदणी करणाऱ्या कंपनीने ग्राहकाचे खाते, किंवा त्या खात्यातील एखादे नाव, तात्पुरते बंद करणे होय. नाव बंद झाल्यास संकेतस्थळ दिसेनासे होते आणि त्या नावावरील ईमेलही थांबतो. छोट्या व्यवसायाला संकेतस्थळापेक्षा ईमेल थांबल्याचा फटका सहसा अधिक बसतो, कारण बँका, ग्राहक आणि करविषयक सूचना यांचा पत्रव्यवहार त्याच पत्त्यावर होत असतो. रजिस्ट्रारकडे संपर्क म्हणून हाच पत्ता दिलेला असल्यास खाते परत मिळवण्यासाठीचे संदेशही मालकापर्यंत पोहोचत नाहीत.

स्वरूप

खात्याचे निलंबन आणि नावाचे निलंबन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवळ खाते गोठवले असेल तर संकेतस्थळ चालू राहू शकते. मात्र मालकाला नूतनीकरण, बदल किंवा स्थलांतर करता येत नाही. नाव निलंबित असेल तर सार्वजनिक नोंदीत त्याची स्थिती दिसते. ‘क्लायंट होल्ड’ ही स्थिती रजिस्ट्रार लावतो, तर ‘सर्व्हर होल्ड’ ही त्याच्या वरची, म्हणजे डॉट कॉम किंवा डॉट इन यांसारखा संपूर्ण गट सांभाळणारी, रजिस्ट्री लावते. ही नोंद कोणालाही विनामूल्य पाहता येते आणि तक्रार कोणाकडे करायची हे तिच्यावरून ठरते. ‘क्लायंट ट्रान्स्फर प्रोहिबिटेड’ ही स्थिती मात्र निलंबन नव्हे. नाव चोरीला जाऊ नये म्हणून लावलेले ते नेहमीचे कुलूप आहे.

कारणे

डॉट कॉम, डॉट ऑर्ग इत्यादी नावांचे रजिस्ट्रार आयकॅन या संस्थेशी करारबद्ध असतात. २०१३ च्या करारानुसार नव्या नोंदणीनंतर १५ दिवसांत संपर्काची पडताळणी झाली नाही, तर रजिस्ट्रारने एकतर ती स्वतः करून घ्यावी किंवा पडताळणी होईपर्यंत नाव निलंबित करावे लागते. पडताळणीचा संदेश जाहिरात समजून दुर्लक्षिला जाणे हे निलंबनाचे अगदी साधे कारण आहे. कार्डाने भरलेली रक्कम बँकेकडून परत मागवणे आणि फसवणुकीच्या तक्रारी ही इतर कारणे होत. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार फिशिंग, मालवेअर यांसारख्या गैरवापराचा ठोस पुरावा मिळाल्यास रजिस्ट्रारने तत्परतेने कारवाई करणे बंधनकारक आहे. संकेतस्थळात बाहेरच्याने घुसून बनावट पान ठेवले असेल, तरी कारवाई निर्दोष मालकाच्या नावावरच होते.

मुदत संपल्याने बंद पडलेले नाव वरकरणी निलंबितासारखेच दिसते. त्याचे दिवस मात्र मोजलेले असतात. डॉट कॉमसारख्या नावांना मुदतीनंतर रजिस्ट्रारच्या धोरणानुसार कमाल ४५ दिवस, नाव काढून टाकल्यावर जादा शुल्क भरून सोडवण्यासाठी ३० दिवस आणि शेवटी ५ दिवस मिळतात. या शेवटच्या पाच दिवसांत ते परत मिळत नाही. त्यानंतर कोणीही ते घेऊ शकतो.

भारतातील प्रकरणे

२४ सप्टेंबर २०१८ रोजी झोहो या भारतीय सॉफ्टवेअर कंपनीचे मुख्य डोमेन टिएरानेट या अमेरिकी रजिस्ट्रारने फिशिंगच्या तक्रारींवरून बंद केले. झोहोच्या म्हणण्यानुसार तक्रारी केवळ तीन होत्या आणि त्यांपैकी दोनांवर आधीच कारवाई झाली होती. कंपनीचे प्रमुख श्रीधर वेंबू यांना समाजमाध्यमावरून जाहीर मदत मागावी लागली. काही तासांत नाव सुरू झाले, तरी जगभरच्या सर्व्हरांत साठलेल्या जुन्या नोंदींमुळे अनेक वापरकर्त्यांची अडचण त्यानंतरही सुरू राहिली.

नेट फोर इंडियाच्या प्रकरणात उलट रजिस्ट्रारच अडचणीत आला. २०१९ मध्ये या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. पुढे नूतनीकरण होत नाही, स्थलांतरासाठीचा सांकेतिक क्रमांक मिळत नाही, अशा तक्रारी आयकॅनकडे मोठ्या संख्येने गेल्या. २०२१ मध्ये आयकॅनने तिची मान्यता संपुष्टात आणली आणि तिच्याकडील नावे पब्लिक डोमेन रजिस्ट्री या, मुंबईत उभ्या राहिलेल्या डायरेक्टी समूहातून निघालेल्या, रजिस्ट्रारकडे सोपवली. डॉट इन नावे आयकॅनच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची व्यवस्था २००३ मध्ये स्थापन झालेल्या निक्सी या भारतीय संस्थेकडे असल्याने त्यांची तक्रारही तिथेच करावी लागते.

निराकरण

प्रथम रजिस्ट्रारकडे निलंबनाचे नेमके कारण लेखी मागितले जाते आणि ओळखपत्र, देयकाची पावती किंवा बनावट पान काढल्याचा पुरावा पाठवला जातो. आयकॅनच्या स्थलांतर धोरणानुसार नोंदणीधारकाने मागितल्यावर सांकेतिक क्रमांक पाच दिवसांत मिळायला हवा. पैशांचा वाद सुरू आहे, एवढ्याच कारणावरून तो अडवता येत नाही. हा नियम फारसा माहीत नसल्याने अनेकजण नाहक पैसे भरून मोकळे होतात.

मात्र हा अधिकार नोंदीत ज्याचे नाव आहे त्याचाच. ठाणे, कल्याण, डोंबिवली यांसारख्या शहरांत दुकाने, खासगी शिकवण्या आणि गृहनिर्माण संस्था अनेकदा संकेतस्थळ ओळखीच्या व्यक्तीकडून बनवून घेतात आणि डोमेन त्याच व्यक्तीच्या खात्यात राहते. त्याचे खाते गोठले की त्यातील सर्वांचीच कामे अडतात, आणि रजिस्ट्रार खऱ्या वापरकर्त्याशी बोलायलाही बांधील नसतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. त्यामुळे डोंबिवलीतील ग्राहकाला परगावच्या रजिस्ट्रारविरुद्ध ठाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा मात्र या कायद्यातून वगळलेली आहे. खाते कोणी बळकावले असल्यास प्रकरण फौजदारी ठरते आणि १९३० या क्रमांकावर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करता येते.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने वेगळी व्यवस्था केली आहे. एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या गटात जाण्यास सांगितले आणि हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था त्याची एकमेव रजिस्ट्रार ठरली. टीजेएसबी, कल्याण जनता आणि डोंबिवली नागरी या परिसरातील सहकारी बँकाही या आदेशाच्या कक्षेत येतात. यांपैकी डोंबिवली नागरी बँकेच्या नावाचे इंग्रजी लघुरूप, योगायोगाने, डीएनएस असेच आहे.