सुट्टी शाळेला, मुदतीला नव्हे

इंग्लंडमध्ये विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलाच्या मूल्यांकनासाठी पालकांनी अर्ज केला, की स्थानिक कौन्सिलला ६ आठवड्यांत होकार-नकार कळवावा लागतो आणि मुलाच्या मदतीचा आराखडा मंजूर झाल्यास तो २० आठवड्यांत हाती द्यावा लागतो. ‘शाळा उघडल्यावर पाहू’ म्हणायला याबाबतचे २०१४ चे नियम सरसकट मोकळीक देत नाहीत. शाळा सलग किमान ४ आठवडे बंद असेल आणि मुख्याध्यापकांकडे अभिप्राय त्याच सुमारास मागितल्यामुळे मुदत पाळणे व्यवहार्य नसेल, तरच सुट्टीची सवलत मिळते. म्हणजे नाताळ-ईस्टरच्या साधारण दोन आठवड्यांच्या सुट्ट्या त्यात बसत नाहीत, उन्हाळ्याची बसते.

शिक्षकांनाही विश्रांती हवी, हा आक्षेप रास्तच आहे, आणि ही सवलत त्यासाठीच आहे. पण ती शाळेच्या अभिप्रायापुरती आहे. कौन्सिलचे कामकाज ऑगस्टमध्येही चालू असते. मानसशास्त्रज्ञांचे आणि डॉक्टरांचे अहवाल तेव्हाही मागवता येतात. प्रत्येक सुट्टीला सबब मानले, तर किंमत मूल मोजते: सप्टेंबरमध्ये वर्ग नवा, मदत मात्र नाही. म्हणून तिथल्या मराठी पालकांनीही उशिराचे कारण आणि त्यामागचा नियम लेखी मागावा. तो त्यांचा हट्ट नसून मुलाचा हक्क आहे.