बंडीचे वंगण आणि मोटारसायकलची साखळी

पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या घरी बैलांचे खांदे शेकण्याचा रिवाज आहे. वर्षभर जू वाहून राठ झालेल्या त्या खांद्यांना हळद आणि तूप चोळले जाते आणि दुसऱ्या दिवशी त्या खांद्यांवर जू ठेवणे हे पाप समजले जाते. बंडीच्या आसाला वंगण दिल्यावाचून लांबच्या बाजाराला निघणारा गाडीवान जुन्या पिढीत सहसा आढळला नसता. चाकाची धाव सैल झाल्याचे त्याला नुसत्या आवाजावरून कळत असे. या काळजीत भूतदया होती, धर्मभावना होती, परंतु त्याहून अधिक रोकडा व्यवहार होता. भर रानात आस मोडला तर कापूस तेथेच राहणार आणि घरची माणसे रात्रभर वाट पाहणार, हे त्या गाडीवानाला पक्के ठाऊक होते.

बंडीची ती जागा आता मोटारसायकलने घेतली आहे. अमरावती-नागपूर महामार्गावरील तिवसा या तालुक्याच्या गावी सकाळच्या वेळी कोणी तासभर उभा राहिला, तर या स्थित्यंतराचा पुरावा त्याला अन्यत्र शोधावा लागणार नाही. अमरावतीत बिऱ्हाड आणि तालुक्यातील एखाद्या खेड्यात नोकरी अशी ज्यांची विभागणी झाली आहे, ते शिक्षक आणि कारकून याच वेळी येतात. त्यांच्या या नित्याच्या ये-जा करण्याला सर्वजण ‘अपडाऊन’ म्हणतात आणि तो शब्द आता मराठीच झाला आहे. त्याच वेळी दुधाचे कॅन लटकावलेल्या गाड्या उलट दिशेने जातात, कोणी टाकीवर युरियाचे पोते आडवे टाकून शेताकडे वळतो, तर कोणी एकाच गाडीवरून दोन मुलांना शाळेत आणि पत्नीला दवाखान्यात पोचविण्याच्या घाईत असतो. एस.टी.ची वाट पाहण्याची सक्ती मोटारसायकलने संपविली, ही लहान क्रांती नव्हे. शिक्षकाला शाळेच्या घंटेआधी पोचता आले, मुलींना महाविद्यालय जवळ आले. या वाहनाची निंदा करण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की बंडीबरोबर जी जपणूक नांदत होती, ती तिच्या जागी आलेल्या वाहनाच्या वाट्याला का आली नाही?

याचे एक कारण यंत्राच्या इतिहासात आहे. मद्रासला १९५५ पासून एनफिल्डची बुलेट तयार होऊ लागली. पुढे १९६०च्या दशकात म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली. जावा आणि राजदूत यांचे इंजिन टू-स्ट्रोक होते. पेट्रोलमध्येच मापाने ऑइल मिसळावे लागे, प्लग वरचेवर काढून घासावा लागे, सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी जाळून काढावी लागे. राजदूत बाळगणाऱ्या ग्रामसेवकाच्या किंवा दूधवाल्याच्या पिशवीत पाना आणि जादा प्लग असे, आणि त्याला आपल्या गाडीची प्रकृती वैद्याने नाडी ओळखावी तशी ओळखता येई. हौसेने नव्हे, निरुपायाने तो अर्धा मिस्त्री झाला होता. त्यानंतर १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली. फोर-स्ट्रोक इंजिन, ऑइल मिसळण्याची कटकट नाही आणि पेट्रोलचा खर्च निम्म्यावर आल्यासारखा. तिच्या जाहिरातीचा आशय असा होता, की टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. इंजिनापुरते हे आश्वासन पुष्कळसे खरे ठरले. खरेदीदाराने मात्र ते सबंध गाडीला लावले. इंजिन विसरण्याइतके भरवशाचे झाले. ब्रेक, टायर आणि साखळी यांची झीज पूर्वीसारखीच होत राहिली.

दुसरे कारण कायद्याच्या रचनेत आहे. ट्रक किंवा प्रवासी बस यांना योग्यता प्रमाणपत्रासाठी ठराविक मुदतीने तपासणीला सामोरे जावे लागते. खाजगी मोटारसायकलची नोंदणी एकदा झाली, की पंधरा वर्षेपर्यंत तिचे ब्रेक लागतात की नाही हे पाहणारी कोणतीही नियमित तपासणी नाही. पीयूसीच्या दाखल्याने धूर तेवढा मोजला जातो. त्या दाखल्याचा ब्रेकशी संबंध नाही. चौकात उभा असलेला पोलीस कागद पाहतो, परवाना पाहतो, फार तर हेल्मेट पाहतो. गाडीच्या यांत्रिक सुस्थितीची जबाबदारी अशा रीतीने सर्वस्वी मालकावर पडते, आणि आपल्यावर ती पडली आहे याचीच मालकाला जाणीव नसते. दसऱ्याला गाडी धुतली जाते, हँडलला झेंडूचा हार पडतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. त्याच चाकातील ब्रेक-शूज वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नसतात.

वस्तुतः ते पाहण्यासाठी चाक उघडण्याचीही गरज नसते. ड्रम ब्रेक असलेल्या बहुतेक गाड्यांना ब्रेकच्या ताटलीवर एक लहान खूण आणि ब्रेकच्या दांड्याशी एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबला असता बाण त्या खुणेपाशी पोचला, तर शूज संपले असे समजावे. हे पाहण्यास अर्धे मिनिट पुरते. परंतु प्रघात असा, की ब्रेक कमी लागू लागला की मागचा नट चार आटे आवळून घ्यावयाचा आणि काम झाले असे मानावयाचे. आवळण्याने पेडल वर येते. झिजलेले अस्तर परत येत नाही.

ब्रेकविषयी आणखी एक गैरसमज इतका रूढ आहे, की तो शिकवणीतूनच पुढच्या पिढीकडे जातो. थोरला भाऊ धाकट्याला गाडी शिकविताना पहिला इशारा देतो तो ‘पुढचा ब्रेक लावू नको, गाडी उलटते’ असा. एस.टी.ने करकचून ब्रेक लावला म्हणजे उभे उतारू पुढे झुकतात, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. मोटारसायकलचेही तेच होते. वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचे चाक हलके पडते. हलक्या चाकाची रस्त्यावरील पकड कमी, म्हणून केवळ मागचा ब्रेक दाबणाऱ्याचे चाक जागीच अडते, घसरते आणि गाडी आडवी होते. कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबविण्याची बरीचशी शक्ती पुढच्याच ब्रेकमध्ये असते. दोन्ही ब्रेक एकत्र आणि पुढचा क्रमाक्रमाने घट्ट करीत लावणे, ही रीत मोकळ्या मैदानावर एका सकाळी शिकता येते. अर्थात खडीवर, चिखलात किंवा वळण घेत असताना पुढच्या ब्रेकला झटका देणे घातकच. थोरल्या भावाच्या इशाऱ्यात सत्याचा अंश आहे तो एवढाच. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत १२५ सीसीपर्यंत दोन्ही ब्रेक जोडलेले असणे आणि त्यावरील गाड्यांत चाक अडू न देणारी एबीएस यंत्रणा असणे सक्तीचे झाले, त्यामागचा विचार हाच आहे. परंतु तालुक्याच्या रस्त्यांवर त्याआधीच्या असंख्य गाड्या अजून धावत आहेत.

वेगाचा हिशेबही शाळेतील गणिताचाच आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर म्हैस आली हे डोळ्यांनी पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ते १७ मीटर ब्रेक न लागताच संपले. त्यापुढे चांगल्या ब्रेकनेही गाडी थांबण्यास आणखी सुमारे २८ मीटर लागतात. म्हणजे एकूण ४५. तोच वेग ४० असता तर सगळे २३-२४ मीटरांत आटोपले असते. वेग दीडपट वाढला आणि अंतर जवळजवळ दुप्पट झाले. दहा मिनिटे उशिरा निघालेला अपडाऊन करणारा गुरुजी ती दहा मिनिटे भरून काढू पाहतो तेव्हा तो हाच सौदा करीत असतो, आणि तोही झिजलेल्या शूजवर.

साखळीची कथा वेगळी. बहुतेक साध्या गाड्यांत ती पूर्ण झाकणाखाली असते, त्यामुळे धुळीपासून तिचे रक्षण होते आणि मालकाच्या नजरेपासूनही. मधोमध हाताने वर-खाली केली असता साधारण दोन ते तीन सेंटीमीटर हलावी, इतका तिचा ढिलेपणा योग्य. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो, जी बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीत न उघडता ठेवलेली आढळते. फार सैल साखळी दातांवरून उतरली, तर मागचे चाक धावत्या गाडीत एकाएकी अडू शकते. फार घट्ट साखळी स्वतःला आणि बेअरिंगला खाते. ती ताणताना मागचे चाक सरकते, म्हणून चाक सरळ आहे ना आणि मागच्या ब्रेकचा दांडा पुन्हा जुळविला ना, हे पाहावे लागते. मिस्त्री घाईत असला तर नेमके हेच राहून जाते.

वऱ्हाडची हवा आणि माती यांचा जाच वेगळाच आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा हवा कमी असलेला टायर ओझ्याखाली वाकून अधिकच तापतो आणि जुना, भेगाळलेला असला तर फुटतो. हवेचा दाब सकाळी, टायर थंड असताना पाहावा. पंपावर त्यासाठी पैसे पडत नाहीत. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये इतकी गच्च बसते, की चाक फिरेनासे होते, आणि काडीने ती उकरीत बसलेला माणूस हे शेतरस्त्यांवरचे परिचित दृश्य आहे. नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली तर ड्रममध्ये पाणी शिरून ब्रेक काही काळ जवळपास निकामी होतो. पलीकडे गेल्यावर हलका ब्रेक धरून थोडे अंतर जावे, म्हणजे तो वाळतो. सोयाबीन निघते तेव्हा मळणीयंत्राच्या भुशाने एअर फिल्टर कोंदतो, ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातील चिखल डांबरावर येतो आणि तिन्हीसांजेला मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्याच सुमारास गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव भरतो आणि महामार्गावर पायी चालणाऱ्यांची दाटी होते. चौपदरी झालेल्या या मार्गावर दुभाजकाची फट दूर पडते म्हणून उलट दिशेने गाडी घालणारे तर बारमाही आहेत. त्यांची बचत होते दोन-चार मिनिटांची.

आणि हेल्मेट. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९, आणि त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले. या शेवटच्या आकड्यापाशी क्षणभर थांबावयास हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १२९ ने चालविणारा आणि मागे बसणारा यांच्यात भेद केलेला नाही. घरोघरी मात्र तो केला जातो. कर्ता पुरुष हेल्मेट घालतो, पत्नी पदर सावरून आडवी बसते आणि मूल टाकीवर. चार वर्षांवरील मुलालाही हे कलम लागू आहे, आणि त्याहून लहान मुलासाठी सुरक्षा-पट्टा, त्याच्या मापाचे हेल्मेट व ताशी ४० किलोमीटरची मर्यादा सांगणारा नियम फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आहे. पदर किंवा ओढणी चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी आणि मागच्यासाठी हाताची मूठ असावी, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ सांगतो. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून कित्येक तरुण प्रथम काढून टाकतात ती हीच जाळी.

अरबस्तानातील मोहिमांमुळे जगप्रसिद्ध झालेला टी. ई. लॉरेन्स १९३५ साली दोन सायकलस्वार मुलांना वाचविताना मोटारसायकलवरून पडला आणि डोक्याच्या जखमेने सहा दिवसांनी मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यवैद्य होते. त्यांनी पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ साली शिरस्त्राणाचा उपयोग सप्रमाण मांडला. तरी सर्वसामान्य स्वारांना त्याची सक्ती ब्रिटनमध्ये १९७३ साली झाली. जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून हेल्मेटमुळे मृत्यूचा संभव सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो असे दिसले आहे. ऊन फार, म्हणून हेल्मेट नको, हा वऱ्हाडातील आक्षेप अगदीच खोटा नाही. चाळीस-पंचेचाळीस अंशांत ते डोक्यावर असह्य होते. परंतु त्याच उन्हापासून बचाव म्हणून दुपट्टा डोक्याला गच्च गुंडाळला जातोच, आणि त्याची उष्णता कोणाला खुपत नाही. तिवशासारख्या गावाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मेंदूला गंभीर मार लागलेल्या रुग्णाला अमरावतीस आणि पुष्कळदा पुढे नागपूरला न्यावे लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, तरी अंतर काही कमी होत नाही.

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. पेरणीची धांदल, पहिला पाऊस आणि अपडाऊनचा आरंभ हे तिन्ही मग एकाच पंधरवड्यात येतात. त्याआधीच्या आठवड्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांनी आपल्या निदेशकांसह एखाद्या शाळेच्या पटांगणावर दोन दिवस बसावे आणि येईल त्या गाडीचा ब्रेकचा बाण, साखळीचा ढिलेपणा, टायरची नक्षी आणि मागचा दिवा तेवढा पाहून एका चिठ्ठीवर लिहून द्यावे. दुरुस्ती मालकाने आपल्या मिस्त्रीकडून करून घ्यावी. यासाठी शासनाच्या आदेशाची गरज नाही, निधीचीही नाही. आणि पहिल्या दिवशी रांगेत सर्वांत पुढे शिक्षकांच्या गाड्या असाव्यात, कारण वर्गातील मुले घरून निघताना वडिलांचे ऐकतात की नाही हे सांगता येत नाही, पण गुरुजींच्या गाडीच्या मागे जाळी आहे की नाही हे त्यांना बरोबर दिसते.