झिदानच्या वाटेत

फुटबॉलचा सामना पाहताना नजर आपोआप चेंडूमागे धावते. २८ मे १९९७ रोजी म्युनिकमध्ये झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याची चित्रफीत मात्र चेंडू सोडून एकाच माणसावर लक्ष ठेवून पाहावी: बोरुसिया डॉर्टमंडच्या मधल्या फळीतला स्कॉटिश खेळाडू पॉल लँबर्ट. समोर गतविजेता युव्हेंटस आणि त्या संघाच्या चढायांना आकार देणारा झिनेदिन झिदान. झिदानला मोकळं सोडायचं नाही, हे त्या रात्री लँबर्टचं काम होतं.

हे काम अंगावर धावून जाण्याचं नाही. झिदानसारख्यावर झेप घेतली, की तो चेंडू सरकवून पुढे निघून जातो आणि मागे बचावफळी उघडी पडते. म्हणून अर्धं काम चेंडू त्याच्याकडे येण्याआधीच करावं लागतं. युव्हेंटसच्या मधल्या फळीत मागून चेंडू पुरवणारा दिदिए देशाँ होता. त्याच्या आणि झिदानच्या मधली वाट अडवायची. तरीही पास पोचलाच, तर झिदानला वळू द्यायचं नाही. वळलाच, तर मधून न जाऊ देता कडेला ढकलायचं. त्यासाठी सतत मान वळवून मागे कोण आहे ते पाहायचं, दोन पावलं पुढे, तीन पावलं मागे. नव्वद मिनिटं चाललेल्या या हालचालींची नोंद गुणफलकावर होत नाही.

तरी त्या सामन्यात लँबर्टची एक नोंद झालीच. २९व्या मिनिटाला त्याने उजवीकडून चेंडू गोलसमोर उचलून दिला, कार्ल-हाइन्झ रीडलेने तो छातीवर घेतला आणि जाळ्यात धाडला. पाच मिनिटांनी रीडलेने हेडरवर दुसरा गोल केला. आलेसांद्रो देल पिएरोने एक गोल फेडला, पण बदली खेळाडू म्हणून नुकत्याच उतरलेल्या लार्स रिकेनने लांबून चेंडू गोलरक्षकाच्या डोक्यावरून टाकला. डॉर्टमंड ३-१ ने जिंकलं.

वर्षभरापूर्वी लँबर्ट मदरवेलसारख्या छोट्या स्कॉटिश क्लबात होता. त्याआधी सेंट मिरेनकडून १९८७मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, त्याने स्कॉटिश चषक जिंकला होता. डिसेंबर १९९५च्या बोसमन निकालामुळे करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातल्या क्लबात हस्तांतर रकमेशिवाय जाता येऊ लागलं. लँबर्टने ती वाट धरली आणि १९९६मध्ये चाचणी देऊन डॉर्टमंडमध्ये जागा मिळवली. मदरवेलमध्ये तो पुढे सरकून खेळायचा. डॉर्टमंडचा प्रशिक्षक ओटमार हिट्झफेल्डने त्याला बचावफळीच्या पुढ्यात उभं केलं. ज्या कामासाठी तो पुढे ओळखला गेला, ते त्याला जर्मनीत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मिळालं.

नोव्हेंबर १९९७मध्ये तो स्कॉटलंडला परतून सेल्टिक क्लबात आला. सलग दहाव्या स्कॉटिश लीग विजेतेपदाकडे निघालेल्या रेंजर्सला त्या हंगामात सेल्टिकने रोखलं. नव्या वर्षाच्या सुरुवातीला रेंजर्सविरुद्ध मिळवलेल्या २-० विजयात एक गोल लँबर्टचा होता. पुढे तो कर्णधार झाला आणि २००३मध्ये सेव्हिलला युएफा चषकाचा अंतिम सामना खेळला. तिथे पोर्तोने सेल्टिकला ३-२ असं हरवलं. स्कॉटलंडकडून तो ४० सामने खेळला.

प्रशिक्षणाचे धडे घ्यायला तो पुन्हा जर्मनीतच गेला. सुरुवात कठीण होती. लिव्हिंगस्टनचं प्रशिक्षकपद त्याने काही महिन्यांतच सोडलं. पण नंतर इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतल्या विकम वाँडरर्सला त्याने २००७मध्ये लीग चषकाच्या उपांत्य फेरीत नेलं आणि घरच्या मैदानावर चेल्सीला १-१ असं बरोबरीत रोखलं. ऑगस्ट २००९मध्ये त्याच्या कोलचेस्टरने नॉरिचला त्यांच्याच मैदानावर ७-१ असं झोडपलं. काही दिवसांतच नॉरिचने त्यालाच बोलावलं! तिसऱ्या श्रेणीतून लागोपाठ दोन बढत्या घेत नॉरिच २०११मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोचलं.

त्या नॉरिचची रचना पाहण्यासारखी होती. मधल्या फळीतले चौघे पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात उभे राहत आणि पुढच्या टोकाला वेस हूलहन असे, बुटका, चपळ, दोन फळ्यांमधल्या मोकळ्या जागेत चेंडू मागणारा. झिदानची हीच जागा बंद करण्यात लँबर्टने म्युनिकची रात्र घालवली होती. आता तो स्वतःच्या खेळाडूसाठी ती उघडत होता.

पुढचा प्रवास खडतर झाला. अॅस्टन व्हिला, ब्लॅकबर्न, वुल्व्ह्ज, स्टोक, इप्सविच. स्टोक आणि इप्सविच, दोन्ही संघ त्याच्या हाताखाली खालच्या श्रेणीत घसरले. दोन्हींची सूत्रं त्याने भर हंगामात, घसरण सुरू असताना घेतली होती. पण खालच्या श्रेणीतला खेळाडू हेरण्याची त्याची नजर पक्की होती. व्हिलासाठी २०१२मध्ये त्याने क्रू अलेक्झांड्राहून तरुण मध्यरक्षक अॅशली वेस्टवूडला आणलं. वेस्टवूड व्हिलाकडून आणि नंतर बर्नलीकडून अनेक हंगाम प्रीमियर लीगमध्ये खेळला, तोही मधल्या फळीतच.